टॉवरमध्ये नवा माणूस येतो तेव्हा

विमानतळाच्या कंट्रोल टॉवरमध्ये नवा कंट्रोलर रुजू होतो, त्या दिवशी त्याच्यासमोर आधी कागद येतात. नियमावली, स्थानिक कार्यपद्धतीची फाइल, सह्या करायचे फॉर्म. हे सगळं लागतंच, पण ते दोन दिवस उशिरा झालं तरी कुणाचं काही बिघडत नाही. काचेच्या खोलीत पाऊल टाकल्यावर पहिल्या दहा मिनिटांत जे सांगायचं असतं ते मात्र राहून चालत नाही. कुठे उभं राहायचं आणि तोंड कधी उघडायचं, एवढंच ते.

उभं कुठे राहायचं हे ऐकायला किरकोळ वाटतं. टॉवर कंट्रोलर आणि रनवे यांच्या मधे कधीच उभं राहायचं नाही, क्षणभरही नाही. टॉवर कंट्रोलर आणि जमिनीवरची विमानं हलवणारा ग्राउंड कंट्रोलर यांच्या मधली जागाही मोकळी ठेवायची, कारण स्ट्रिप, म्हणजे प्रत्येक विमानाच्या माहितीची पट्टी, तिथूनच पुढे सरकते आणि कामाचं निम्मं बोलणं दोघं नुसत्या नजरेने करतात. नव्या माणसाची जागा खुर्चीच्या मागे, किंचित बाजूला. तिथून त्याला रनवेची दोन्ही टोकं दिसली पाहिजेत. दिसत नसतील तर त्याला हलवा. नुसतं पाठीमागे उभं राहून कुणी काही शिकत नाही.

मोबाइल खाली लॉकरमध्ये. त्याचं कारण शिस्तीपुरतं नाही. टॉवरच्या काचा वरच्या बाजूने बाहेर झुकलेल्या असतात, ते आतल्या दिव्यांचं आणि पडद्यांचं प्रतिबिंब कंट्रोलरच्या डोळ्यांत न येता छताकडे जावं म्हणून. रात्री खोलीतले दिवे मंद करतात तेही त्यासाठीच. हातात धरलेल्या मोबाइलचा पांढरा उजेड या सगळ्या योजनेवर पाणी फिरवतो. काचेत एक ठिपका उमटतो आणि तो टॅक्सीवेवरच्या, म्हणजे विमानं रनवेकडे ये-जा करतात त्या रस्त्यावरच्या, दिव्यांत मिसळून जातो. बाहेर अंधारात एक दिवा जास्तीचा आहे की कमी, यावर रात्रीच्या कंट्रोलरचं लक्ष असतं. नव्या माणसाला हे कारणासकट सांगितलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

आता बोलण्याचं. कंट्रोलरने सूचना दिली की वैमानिक ती परत म्हणून दाखवतो. त्याला रीडबॅक म्हणतात. तो रीडबॅक कंट्रोलरने शब्दन् शब्द ऐकायचा असतो, आणि नेमक्या त्याच वेळी नव्याला प्रश्न सुचतो, कारण सूचना त्याने नुकतीच ऐकलेली असते. म्हणून प्रश्न वहीत लिहायचा. कंट्रोलर मान वळवून बघेल तेव्हा विचारायचा. पहिल्या आठवड्यात वहीची पानं भरली तर ते चांगलं लक्षण. एकही प्रश्न न लिहिणाऱ्याकडे प्रशिक्षकाने जास्त लक्ष द्यावं.

या नियमाला अपवाद एकच. रनवेवर जे नको ते दिसलं, म्हणजे गाडी, कुत्रा, पक्ष्यांचा थवा, माणूस, रनवेच्या बाहेर विमानं जिथे थांबतात त्या थांबारेषेच्या पुढे परवानगीशिवाय आलेलं विमान, तर वही नाही, मान वळवायची वाट नाही. ‘रनवे!’ असं मोठ्याने म्हणायचं आणि बोट दाखवायचं. पद नाही, ज्येष्ठता नाही, ‘सर, मला असं वाटतं की’ अशी सुरुवातही नाही. दहापैकी नऊ वेळा कंट्रोलरला ते आधीच दिसलेलं असेल. तरीही त्याने फक्त ‘दिसलं, थँक यू’ म्हणावं. इथे कुणी ‘मला दिसत नाही का?’ असं तोडून बोललं, तर त्या टॉवरने एक जोडी डोळे कायमचे गमावले असं धरून चाला. तो नवा माणूस पुढच्या वेळी अर्धा सेकंद विचार करेल. मनापासूनचं स्वागत कुठलं, असं विचाराल तर पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर दिलेली ही मुभा. बाकीचं पेढे-फुलांचं स्वागत मग खुशाल करावं.

जास्तीच्या डोळ्यांची किंमत काय असते, हे २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर दिसलं. तटरक्षक दलाचं विमान परवानगी नसताना रनवेवर येऊन थांबलं आणि सुमारे चाळीस सेकंद तिथेच होतं. उतरणारं प्रवासी विमान त्याच्यावर येऊन आदळलं. प्रवासी विमानातले सर्व ३७९ जण बाहेर पडले, तटरक्षक दलाच्या सहापैकी पाच जणांचा जीव गेला. रनवेवर विमान घुसल्याचा इशारा टॉवरमधल्या पडद्यावर दिसत होता, पण कुणाचं लक्ष गेलं नाही. अपघातानंतर काही दिवसांतच तिथे त्या पडद्यावर सतत नजर ठेवायला एक स्वतंत्र माणूस नेमला गेला. यंत्राने इशारा देणं आणि तो माणसाच्या ध्यानात येणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे नव्याला पडदा शिकवण्याच्या आधी सांगावं.

खोलीत कोण काय करतं हे एका फेरीत समजतं. क्लिअरन्स डिलिव्हरीवाला मार्ग, पहिली उंची आणि ट्रान्सपाँडरचा, म्हणजे रडारवर विमानाची ओळख पटवणाऱ्या यंत्राचा, कोड देतो. ग्राउंडवाला पुशबॅकपासून, म्हणजे विमान जागेवरून मागे ढकललं जातं तिथपासून, थांबारेषेपर्यंत विमान आणतो. टॉवर कंट्रोलरकडे रनवे आणि आसपासचं आकाश. सहायक फोन आणि समन्वय सांभाळतो, सुपरवायझर सगळ्यांवर नजर ठेवतो. यातली एकच गोष्ट पुन्हा पुन्हा घोटवून घ्यायची असते: रनवेचा मालक एका वेळी एकच. तपासणीची गाडी आत जायची असो की ग्राउंडच्या विमानाला पलीकडे जायचं असो, मालकाला विचारल्याशिवाय रनवे ओलांडली जात नाही. आणि लाल स्टॉप बार, म्हणजे थांबारेषेवरची लाल दिव्यांची ओळ, पेटलेला असताना तो ओलांडायची परवानगी तोंडी द्यायची नाही. आधी दिवे विझवायचे. एकदा ‘जा, दिवे तसेच राहिलेत’ असं म्हटलं, की त्या वैमानिकासाठी लाल दिव्याचा अर्थ कायमचा सैल होतो.

स्ट्रिपबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं. ती म्हणजे कागदाची एक अरुंद पट्टी, प्लास्टिकच्या होल्डरमध्ये अडकवलेली. त्यावर विमानाचं नाव, प्रकार, ट्रान्सपाँडरचा कोड, स्टँड, मार्ग, वेळा. आता पुष्कळ ठिकाणी ती पडद्यावर आली आहे आणि बोटाने सरकवतात. नव्याला वाटतं, ही नोंदवही आहे. खरं तर ती आठवणीची जागा आहे. विमान रनवेवर गेलं की स्ट्रिप बोर्डवरच्या रनवेच्या खणात जाते, रनवे रिकामी झाली की बाहेर येते. रनवेवर गाडी पाठवली तर त्या खणात ठळक लाल पट्टी आडवी बसते, आणि ती काढल्याशिवाय लँडिंगची परवानगी द्यायची नाही. हाताला ही सवय लागेपर्यंत प्रशिक्षकाने हट्ट सोडू नये: आधी पट्टी, मग माइकचं बटण. उलट क्रमाने केलं तरी शंभरदा काही होत नाही, म्हणूनच ती सवय घातक.

१ फेब्रुवारी १९९१ ची लॉस एंजेलिसची संध्याकाळ प्रत्येक नव्याला सांगितली जावी. तिथल्या महिला कंट्रोलरने एका छोट्या प्रवासी विमानाला रनवेच्या मधल्या वळणावरून आत घेऊन थांबायला सांगितलं. त्याच सुमारास दुसऱ्या एका छोट्या विमानाशी संपर्क होईना, आणि तशाच आणखी एकाची स्ट्रिप तिच्याकडे पोचलेलीच नव्हती. ती गुंतागुंत सोडवण्यात रनवेवर थांबवलेलं विमान तिच्या डोक्यातून निसटलं. त्याच रनवेवर तिने बोइंग ७३७ ला लँडिंगची परवानगी दिली. अंधार होता आणि छोट्या विमानाचे दिवे रनवेच्या मध्यरेषेच्या दिव्यांत हरवले होते. ३५ जण गेले. तपासात त्या टॉवरच्या कार्यपद्धतीवरही बोट ठेवलं गेलं, कारण एका व्यक्तीच्या स्मरणशक्तीला सावरून धरणारी दुसरी तजवीज तिथे पुरेशी नव्हती. हे सांगताना ‘तिने लक्ष द्यायला हवं होतं’ एवढ्यावर थांबू नका. लक्ष सगळ्यांचंच निसटतं. निसटल्यावर कळायची सोय काय, हे नव्याला आपल्या बोर्डावर हात ठेवून दाखवा.

शब्दांचा काटेकोरपणा शिकवताना स्पेनच्या तेनेरिफ बेटावरच्या अपघाताला पर्याय नाही. २७ मार्च १९७७, दोन जंबो जेट, ५८३ मृत्यू. रनवेवर धुकं, टॉवरला काहीच दिसत नाही. दोनपैकी एका, केएलएम या डच कंपनीच्या, विमानातून आवाज आला, ‘वी आर नाउ ॲट टेकऑफ’. कंट्रोलर म्हणाला, ‘ओके’, आणि क्षणभर थांबून, ‘स्टँड बाय फॉर टेकऑफ, आय विल कॉल यू’. त्याच वेळी दुसरं, पॅन ॲम या अमेरिकन कंपनीचं, विमान सांगत होतं की आम्ही अजून रनवेवरच आहोत. विमानांचे व्हीएचएफ रेडिओ एएम पद्धतीचे असतात. दोघं एकाच वेळी बोलले की ऐकणाऱ्याला नुसती शिट्टी ऐकू येते. केएलएमच्या कॉकपिटमध्ये त्या शिट्टीआधीचा ‘ओके’ तेवढा स्पष्ट पोचला. म्हणून आज ‘टेकऑफ’ हा शब्द कंट्रोलर फक्त दोनदाच उच्चारतो: टेकऑफची परवानगी देताना आणि ती रद्द करताना. एरवी सगळीकडे ‘डिपार्चर’. म्हणूनच नुसत्या ‘ओके’ला जागा नाही, आणि म्हणूनच शिट्टी ऐकू आली की अंदाज न बांधता पुन्हा विचारायचं.

हानेदातही एका शब्दाचा प्रश्न आला. तटरक्षक दलाच्या विमानाला ‘नंबर वन’ म्हणून थांबारेषेपर्यंत जायला सांगितलं होतं, म्हणजे उड्डाणाच्या रांगेत तुमचा क्रमांक पहिला. ती सौजन्याने दिलेली माहिती होती. त्यानंतर काही काळ असा क्रमांक सांगणं तिथे बंद ठेवलं गेलं. नव्या माणसाच्या अंगात सौजन्य असतंच, आणि वैमानिकाला चार शब्द जास्त सांगावेत असं त्याला वाटतं. त्याला प्रेमाने थांबवावं लागतं.

रीडबॅक ऐकण्यात चूक कशी होते हेही समजून घेण्यासारखं आहे. आपण ‘होल्ड शॉर्ट’, म्हणजे रनवेच्या बाहेर थांबा, म्हटलेलं असतं, त्यामुळे कान ‘होल्ड शॉर्ट’ ऐकायला तयारच असतो. वैमानिकाने ‘लाइन अप’, म्हणजे रनवेवर येऊन उभे राहतो, म्हटलं तरी ते निसटून जाऊ शकतं. रनवेवर जाणं, ओलांडणं, बाहेर थांबणं, उतरणं, उडणं यांतल्या प्रत्येक सूचनेचा रीडबॅक पूर्ण हवा. नुसतं ‘रॉजर’, म्हणजे ऐकलं, एवढंच आलं तर पुन्हा मागायचा. क्यूएनएच म्हणजे हवेच्या दाबाचा आकडाही तसाच. त्यात १० हेक्टोपास्कलची चूक झाली तर उंचीमापक जवळपास ३०० फूट चुकतो. विमानांची २५४ आणि २४५ अशी सारखी नावं एकाच वेळी फ्रिक्वेन्सीवर आली, तर दोघांनाही तसं सांगून ठेवायचं. ‘से अगेन’ म्हणण्यात कमीपणा नाही हे नव्याला तोंडाने सांगून पटत नाही. खोलीतला सगळ्यात ज्येष्ठ कंट्रोलर दिवसातून दोन-तीनदा ‘से अगेन’ म्हणताना दिसला की आपोआप पटतं.

आकडे पाठ असतात सगळ्यांचे. १,३६,००० किलो किंवा त्याहून जास्त वजनाचं विमान हेवी. त्याच्यामागे हवेत भोवरे उठतात, म्हणून त्याच्यामागून मध्यम किंवा हलकं विमान उडवायचं तर दोन मिनिटं थांबायचं, आणि मागचं विमान मधल्या वळणावरून निघणार असेल तर तीन. उतरताना हेवीमागे मध्यम विमानाला दोन मिनिटं, हलक्याला तीन. नव्याला जड जातं ते हे आकडे खिडकीबाहेरच्या वेळेशी जोडणं. अंतिम टप्प्यात विमान साधारण १४० नॉट्सने, म्हणजे तासाला १४० सागरी मैलांनी, येतं. चार सागरी मैलांवर असेल तर त्याच्याकडे पावणेदोन मिनिटांहून कमी वेळ आहे. तेवढ्यात थांबारेषेवरचं विमान आत वळणार, रनवेशी सरळ होणार, इंजिनं ताकद घेणार, मग धावणार. ते जमेल की नाही, हा अंदाज पुस्तकात नाही. त्यासाठी पहिल्या दिवसांत नव्याच्या हातात स्टॉपवॉच द्यावं. ‘क्लिअर्ड फॉर टेकऑफ’पासून चाकं जमिनीवरून सुटेपर्यंत किती सेकंद, जमिनीला चाकं टेकल्यापासून रनवे मोकळी होईपर्यंत किती, प्रकारागणिक, ओल्या रनवेवर आणि कोरड्या. चार दिवसांत त्याच्या वहीत त्या विमानतळाचा स्वतःचा तक्ता तयार होतो, आणि तो कुठल्याही व्याख्यानापेक्षा जास्त कामाचा. त्यातून हेही दिसतं की घाई करणारा वैमानिक आणि सावकाश करणारा वैमानिक यांच्यात वीसेक सेकंदांचा फरक सहज पडतो. अंदाज नेहमी सावकाश माणसाचा धरायचा.

खुर्ची सोडताना आणि घेताना जे होतं त्याकडे नव्याने मुद्दाम पाहावं. येणारा कंट्रोलर आधी हेडसेट लावून काही मिनिटं नुसता ऐकतो. मग जाणारा ठरलेल्या क्रमाने सांगतो. हवामान, उपकरणं, परिस्थिती, विमानं, असा क्रम पुष्कळ ठिकाणी वापरतात. विमानं सगळ्यात शेवटी, कारण ती सतत बदलत असतात आणि आधी सांगितली तर सांगून होईपर्यंत शिळी होतात. मग येणारा स्पष्ट शब्दांत ताबा घेतो. त्यानंतर जाणाऱ्याने लगेच उठून जाऊ नये, काही मिनिटं मागे थांबावं. जे सांगायचं राहून गेलं ते याच मिनिटांत वर येतं: ‘अरे हो, पूर्वेकडच्या टॅक्सीवेवर गवत कापणारे आहेत.’

प्रशिक्षणाची खुर्ची जोडीची असते. एकाच जागेवर दोन हेडसेट, प्रशिक्षकाचा आवाज नव्याच्या आवाजावर कधीही चढू शकतो. परवान्याची जबाबदारी प्रशिक्षकाची. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार एरोड्रोम कंट्रोलच्या रेटिंगसाठी, म्हणजे टॉवरचं काम स्वतंत्रपणे करायच्या पात्रतेसाठी, त्या युनिटवर देखरेखीखाली किमान ९० तास किंवा एक महिना, यांतलं जे जास्त असेल तेवढं काम व्हावं लागतं. प्रत्यक्षात व्यग्र टॉवरवर याहून बरंच जास्त लागतं आणि लागू द्यावं. प्रशिक्षकाची खरी परीक्षा मधे केव्हा बोलायचं इथे असते. फार लवकर बोललं तर नवा प्रत्येक सूचनेआधी प्रशिक्षकाच्या तोंडाकडे बघायला लागतो. फार उशिरा बोललं तर हातात काही उरत नाही. म्हणून चांगला प्रशिक्षक स्वतःच्या मनात एक जागा ठरवून ठेवतो: विमान दोन मैलांवर येईपर्यंत याने रनवे मोकळी करून घेतली नाही, तर मी बोलणार. ताबा घेतलाच तर सरळ ‘मी घेतो’ म्हणून घ्यावा, आणि विमानं सुखरूप गेल्यावर शक्य तितक्या लवकर परत द्यावा. चर्चा खाली, चहाच्या खोलीत, बाकीच्यांच्या माघारी. पहिला प्रश्न नेहमी ‘तुला काय दिसत होतं?’ हा. बऱ्याचदा उत्तरातून कळतं की त्याची चूक निर्णयात नव्हती. त्याला मुळात एक विमान दिसलंच नव्हतं.

बिघाडाच्या वेळची साधनं पहिल्याच आठवड्यात हाताळून घ्यावीत. जादा रेडिओ कुठे आहे, अपघाताची घंटा कुठली, ती दाबली की अग्निशमन दलाला आधी काय सांगायचं. छताला टांगलेली सिग्नल गन, म्हणजे रंगीत प्रकाशझोताने इशारा देणारा दिवा, त्याने खाली काढून, गाडीवाल्याशी ठरवून, खरोखर वापरून बघावी. हवेतल्या विमानाला स्थिर हिरवा म्हणजे उतरा, स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट द्या आणि घिरट्या घालत राहा. जमिनीवर स्थिर लाल म्हणजे थांबा, लुकलुकता लाल म्हणजे उतरण्याच्या जागेतून बाहेर व्हा. रेडिओ बंद पडल्यावर ही गन हातात पहिल्यांदा घेणाऱ्याला ती किती जड आहे आणि नेम धरून ठेवणं किती कठीण, याचाच आधी धक्का बसतो.

झोपेबद्दलही उघडपणे बोलायला हवं. रात्रीच्या पाळीच्या आधी दुपारी झोप घे, पहाटेच्या तासांत खुर्चीवर सलग बसू नकोस, सर्दीची गोळी घेतली असेल तर सांग, कारण त्यातल्या पुष्कळ गोळ्या गुंगी आणतात. घरात आजारपण असेल, मन थाऱ्यावर नसेल तर पाळीच्या आधी सुपरवायझरला फोन कर. हे ऐकून घेणारा सुपरवायझर असेल तर माणसं सांगतात. एकदा जरी ‘आता ऐन वेळी मी माणूस कुठून आणू?’ असं उत्तर मिळालं, की पुन्हा कुणी सांगत नाही आणि सगळे ‘बरे’ असतात.

रेटिंग मिळाल्यावर नव्याला सुरुवातीला कमी गर्दीच्या वेळा देण्याचा प्रघात आहे. त्यात एक गफलत आहे. गर्दीत सगळे ताठ बसलेले असतात. गर्दी ओसरली की पाठ टेकते, गप्पा सुरू होतात, शेजारची खुर्ची रिकामी होते, आणि नेमकं तेव्हा रनवेवरची गाडी विसरली जाते. त्यापेक्षा त्याला मध्यम गर्दीच्या वेळा द्याव्यात आणि गर्दी ओसरल्यावरची पंधरा-वीस मिनिटं ज्येष्ठ माणसाने मुद्दाम त्याच्याजवळ बसावं.

कधीतरी त्याच्या हातून दोन विमानांमधलं अंतर कमी पडेल, किंवा चुकलेला रीडबॅक निसटेल, आणि विमानं सुखरूप गेलेली असतील. तेव्हा त्याला लगेच खुर्चीवरून मोकळं करा. शिक्षा म्हणून नव्हे, पुढची दहा मिनिटं त्याचं डोकं मागेच अडकलेलं असतं म्हणून. हे कारण त्याला त्याच क्षणी सांगा, नाहीतर तो त्याला शिक्षाच समजेल. आठवणी ताज्या आहेत तोवर त्याने अहवाल स्वतःच्या शब्दांत लिहावा, टेप नंतर ऐकावी. टेप आधी ऐकली की माणूस त्याला काय वाटत होतं ते विसरतो आणि काय झालं तेवढंच लिहितो, आणि शिकण्यासारखं असतं ते ‘काय वाटत होतं’ यातच. रेडिओ संभाषणाचं ध्वनिमुद्रण किमान ३० दिवस ठेवावं लागतं, तेव्हा त्याची घाई नाही. ऐकताना प्रशिक्षकाने त्याच्या शेजारी बसावं, समोर नाही. आणि खुर्चीवर पुन्हा कधी बसायचं, त्याच पाळीत की दुसऱ्या दिवशी, हे त्याच्याशी बोलून ठरवावं. ‘मी ठीक आहे’ एवढ्या उत्तरावर विसंबू नये. पहिला तास कुणीतरी दुसरा हेडसेट लावून त्याच्याबरोबर ऐकावं.